घरात सापाचं पिल्लू सापडलंय, पाळू का? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पावसाळा सुरू झाला की माझ्या फोनवर एक ठरलेला कॉल येतो. "दादा, सापाचं छोटंसं पिल्लू आहे. काही करत नाही बिचारं. मुलांनी बरणीत ठेवलंय. त्याला खायला काय घालू?" मी उलट विचारतो, "बरणीचं झाकण नीट लागलंय ना?" पुढचं सगळं त्यानंतर.

गेली अठरा वर्षं मी सातारा परिसरात साप पकडून सोडतोय. जून ते ऑक्टोबरमध्ये येणाऱ्या कॉलपैकी बरेचसे पिल्लांचे असतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना पिल्लू घालवायचं नसतं, ठेवून घ्यायचं असतं. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली.

सापडलेलं पिल्लू घरी पाळता येईल का?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे आपल्याकडचा कुठलाही रानटी साप पाळता येत नाही. विषारी असो, बिनविषारी असो, बोटभर असो की हातभर. या कायद्यात 'शिकार' म्हणजे फक्त मारणं नव्हे, पकडणंही शिकारीतच येतं. पकडलेलं जनावर तुमचं होत नाही, ते सरकारी मालमत्ता असतं. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आता साधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. साप कायद्याच्या पहिल्या सूचीतला, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या यादीतला असेल तर किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद, शिवाय किमान पंचवीस हजार दंड. नाग आणि अजगर या सूचीत असणार हे कुणालाही पटतं. पण शेतात रोज दिसणारी धामणही त्यातच आहे, हे सांगितलं की लोक माझ्याकडे बघत राहतात.

कायद्याचं पहिल्यांदा सांगितलं, कारण तेवढ्यानंच निम्मे लोक झाकण उघडायला तयार होतात. पण मला विचाराल तर कायदा हे न पाळण्याचं सगळ्यात छोटं कारण आहे.

काल रात्रीपासून बरणीत आहे. आता कळवलं तर आमच्यावरच केस होईल का?

रानटी जनावर ताब्यात आलं तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवावं, असं कायदाच सांगतो. म्हणजे कळवणं हीच सरळ वाट आहे. वन विभागाचा १९२६ हा मोफत क्रमांक आहे, त्यावर फोन करा आणि खरं ते सांगा. घरात निघालं, भीतीनं डब्यात धरलं, घेऊन जा. अशा फोनवरून कुणाला त्रास झालेला मी अजून पाहिलेला नाही. त्रास कुणाला झालेला पाहिलाय? हातात साप धरून रील टाकणाऱ्यांना. पुरावा त्यांनी स्वतःच दिलेला असतो.

पण हे खरंच लहान पिल्लूच आहे. तळहातावर मावतंय.

सगळी गफलत या 'पिल्लू' शब्दात आहे. मांजराचं पिल्लू, कुत्र्याचं पिल्लू म्हटलं की डोळ्यांसमोर जे येतं, तेच आपण सापाला लावतो. आईपासून चुकलेलं, भुकेलं, निरागस, हाताला येणारं. सापाच्या बाबतीत यातलं एकही खरं नाही.

आणि बऱ्याचदा ते पिल्लूही नसतं. मोरीच्या जाळीतून वर आलेला, गांडुळासारखा चकचकीत काळपट जीव म्हणजे वाळा. सहा-सात इंच झाला की तो पूर्ण वाढलेला. डोळे म्हणजे खवल्याखालचे दोन ठिपके. मुंग्या-वाळव्यांची अंडी आणि अळ्या खाऊन जगतो. यांच्यात नर सापडतच नाही. मादीच नराशिवाय अंडी घालते आणि निघणारी सगळी पिल्लं माद्याच. कानात शिरतो म्हणून त्याला चपलेनं मारतात. तो कानात शिरत नाही. त्याला फक्त ओली माती हवी असते. कागदावर घ्यायचं आणि कुंडीत सोडायचं, संपलं.

दुसऱ्या टोकाला फुरसं. फूट-दीड फुटाचं फुरसं म्हणजे पुरतं वाढलेलं जनावर, पण कोकणातून आलेले पाहुणे हमखास म्हणतात, "पिल्लू होतं हो, एवढंसं." एवढंसंच असतं ते. वेटोळ्यावर वेटोळं घासून करवतीसारखा खरखर आवाज करतं, आणि महाराष्ट्रातल्या चार मोठ्या विषारी सापांमध्ये त्याची गणना होते. आकारावरून वय ठरवू नका आणि वयावरून स्वभाव ठरवू नका.

मोबाईलवर फोटो जुळवून पाहिला, बिनविषारी निघाला. मग?

मोठा साप फोटोवरून चुकतो, तिथं पिल्लाचं काय घेऊन बसलात. सापाच्या पिल्लाचा रंग आणि नक्षी बऱ्याचदा मोठ्यापेक्षा वेगळी असते. गवत्याच्या पिल्लाच्या मानेवर काळी-पिवळी ठसठशीत खूण असते, म्हणून लोक त्याला भलताच विषारी समजतात. धामणीच्या पिल्लाच्या अंगावर पट्टे दिसतात, मोठेपणी ते पुसट होत जातात.

खरा गोंधळ तीन ठिकाणी होतो.

पहिला, बिनविषारी कवड्या की विषारी मण्यार. घरात निघणारं 'पिल्लू' बहुतेक वेळा कवड्या असतो. तो पालींच्या मागावर येतो, खरबरीत भिंत आणि पाइप सहज चढतो, तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममध्येही सापडतो. तपकिरी अंग, पिवळसर-पांढरे आडवे पट्टे, मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे विरत जाणारे. मण्यार काळी, चकचकीत, बारीक पांढरे पट्टे, पुष्कळदा जोडीजोडीनं. पुस्तकात लिहिलेलं असतं की मण्यारीचे पट्टे मानेपासून थोडं अंतर सोडून सुरू होतात. मोठ्या मण्यारीत ते बरंचसं खरं. पण पिल्लाच्या अंगावर पुढचे पट्टेही स्पष्ट असू शकतात, आणि तुमचा भरवशाचा नियम तिथंच कोसळतो. पक्की खूण म्हणजे मण्यारीच्या पाठीच्या कण्यावरची मोठी षट्कोनी खवल्यांची रांग. ती नऊ इंचाच्या जिवात बघायची तर डोळा किती जवळ न्यावा लागेल, विचार करा.

दुसरा, माणसाला धोका नसलेला मांजऱ्या की विषारी फुरसं. दोघांच्या डोळ्यांच्या बाहुल्या उभ्या, दोघंही तपकिरी, दोघंही रात्री फिरणारे, आणि चिडले की दोघंही सारखंच वेटोळं करून अंगावर येतात.

तिसरा सगळ्यात वाईट. बिनविषारी अजगर आणि डुरक्या घोणस, आणि त्यांच्यासारखीच दिसणारी विषारी घोणस. एका सकाळी एका वस्तीवरून फोन आला, अजगराचं पिल्लू सापडलंय. गेलो. अंगणात बाजेवर आजोबा, शेजारी पाण्याची लिटरची बाटली, झाकणाला तापल्या सुईनं पाडलेली भोकं. आत वीतभर जनावर वेटोळं घालून बसलेलं. नातू बाटली हलवून दाखवत होता, "बघा, कसं फुसफुसतंय!" आतून त्याच्या अंगाच्या मानानं फार मोठा आवाज येत होता, कुकरची शिट्टी पडायच्या आधी वाफ सुटते तसा. मी बाटली त्याच्या हातातून घेतली आणि पायरीवर ठेवली. पाठीवर साखळीसारखे कड्यांचे तीन सर. घोणस. आदल्या संध्याकाळी त्या पोरानं ती दोन बोटांनी उचलून बाटलीत घातली होती. ती चावली नाही याला कारण काही नाही. ती तेव्हा चावली नाही, एवढंच.

लहान सापाचं विष कमी असतं ना? की उलट जास्त जहाल?

दोन्ही टोकं चावडीवरची. पिल्लाला विष किती सोडायचं ते कळत नाही, म्हणून ते सगळंच सोडतं, ही गोष्ट फार लोकप्रिय आहे. पण मोठ्या सापाच्या ग्रंथीत विष कितीतरी जास्त असतं, त्यामुळे मोठ्याचा दंश एकंदरीत जास्त धोक्याचा. म्हणून लहानाचा बिनधोक, असं मात्र नाही. नागाचं पिल्लू अंड्यातून बाहेर पडल्या पडल्या फणा काढतं आणि चावू शकतं. घोणस अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते, एका वेळी वीस-चाळीससुद्धा. ती जन्मतःच आठ-दहा इंचांची असतात आणि पहिल्या दिवसापासून विष घेऊन फिरतात. माणसाला दवाखान्यात पोचवायला तेवढं पुरतं.

त्याची आई शोधत येईल का? डूख धरेल का?

नाही आणि नाही. अजगराची मादी अंड्यांना वेटोळं घालून बसते, नागाची मादीही अंड्यांजवळ थांबलेली आढळते. पण एकदा पिल्लं बाहेर पडली की ज्याची वाट त्याला. पाजणं नाही, भरवणं नाही, शिकवणं नाही. म्हणून 'अनाथ पिल्लू वाचवलं' हे वाक्य सापाला लागूच होत नाही. ते हरवलेलं नसतं, ते आपल्या कामाला निघालेलं असतं.

डूख धरायला चेहरा लक्षात ठेवावा लागतो, वैर धरावं लागतं. ते काम माणसांचं.

एकाच आठवड्यात दोन-तीन पिल्लं निघाली, तर मात्र जवळपास कुठं तरी अंडी फुटलीत असं समजा. पायरीखालची पोकळी, विटांचा ढीग, उकिरडा, पडकी गोठ्याची भिंत, तिथं बघायला सांगा. स्वतः हात घालू नका.

त्याला दूध चालेल का? मग खातं काय?

दूध नको. सापाला दूध पचत नाही. नागपंचमीला गारुड्याचा नाग वाटीला तोंड लावायचा, कारण त्याला आधी कित्येक दिवस पाण्यावाचून तडफडत ठेवलेलं असायचं. तहानेनं मरणारा जीव समोर येईल ते ओलं पितो. नंतर तो मरायचा, ते बघायला आपण नसायचो.

आता खाण्याचं. हे जरा सविस्तर सांगतो, कारण मी स्वतः यात हात पोळून घेतलेत. आठवीत होतो. परड्यात फरशी उचलताना कवड्याचं पिल्लू सापडलं, पेन्सिलीएवढं जाड, वीतभर. आजीच्या लोणच्याच्या बरणीत थोडी माती, एक खापराचा तुकडा आणि पाण्याचं टोपण घालून कपाटामागं लपवलं. घरात सांगितलं नाही. पहिल्या दिवशी मुंग्या टाकल्या. दुसऱ्या दिवशी झुरळ, पाय मोडून. मग गांडूळ. मग अंड्याचा बलक काडीवर. त्यानं कशाकडे वळूनही पाहिलं नाही. दिवसभर खापराखाली डोकं खुपसून बसायचं आणि रात्री काचेला नाक लावून गोल गोल फिरायचं. मला वाटायचं, खेळतंय. आठव्या दिवशी नाकपुडीजवळची कातडी घासून लाल झालेली दिसली. अकराव्या दिवशी शाळेतून आलो तर ते उताणं पडलं होतं, पोटाखालचे खवले आत ओढले गेलेले. बरणी उन्हाच्या खिडकीजवळ सरकवलेली होती. आईनं झाडताना सरकवली असणार, आत काय आहे ते तिला कुठं माहीत.

काय चुकलं ते कळायला पुढं बरीच वर्षं लागली. कवड्याच्या पिल्लाला पालीचं पिल्लू लागतं, तेही जिवंत, अंधारात, स्वतः गाठलेलं. दिवडीच्या पिल्लाला बेडकाची पोरं आणि बारीक मासे लागतात. तस्कराला उंदराची नुकती जन्मलेली पिल्लं. कुकरी पाली-सरड्यांची अंडी शोधत फिरते. प्रत्येकाचं ताट वेगळं. आणि ताट बरोबर वाढलं तरी रानातून धरलेला साप भीतीपोटी खातच नाही. अंड्यातून निघताना पोटात बलकाची थोडी शिदोरी असते, पहिली कात टाकेपर्यंत तीच पुरते. म्हणून पहिले काही दिवस सगळं ठीक दिसतं आणि पाळणाऱ्याला वाटतं, जमलं. शिवाय रानटी सापाच्या पोटात जंत, खवल्यांखाली गोचिडी हे असतंच. बंदिस्त जागेत, ताणाखाली तेच त्याच्यावर उलटतं.

रोज हाताळलं तर माणसाळेल?

सवय होईल फार तर, माया लागणार नाही. कुत्रा आपल्याला ओळखतो, कारण त्याच्या रक्तात कळप आहे. साप एकटा जन्मतो आणि एकटा जगतो. हातात 'शांत' बसलेलं पिल्लू पुष्कळदा घाबरून थिजलेलं असतं, किंवा तुमच्या तळहाताची ऊब घेत असतं. लोक तो फोटो टाकतात आणि खाली लिहितात, 'माझ्यावर विश्वास बसला'. त्याला विचारता आलं असतं तर बरं झालं असतं.

पण सर्पमित्रच घरात साप ठेवतात की.

काही ठेवतात आणि ते चुकीचं करतात. पकडलेला साप वन विभागाला कळवून, नोंद करून, लवकरात लवकर सोडायचा असतो. ज्याच्या घरी पोतीच्या पोती साप दिसतील, जो वाढदिवसाला नाग घेऊन येतो, जो सापाचं चुंबन घेऊन दाखवतो, त्याच्या हातात तुमचं पिल्लू देऊ नका. आमच्यातली चांगली चांगली माणसं असल्या खेळात गेलीत. बत्तीस शिराळ्यात जिवंत नागांच्या पूजेची पिढ्यान्‌पिढ्यांची प्रथा होती, तीही न्यायालयानं थांबवली. तिथं गावाची श्रद्धा तरी होती, इथं नुसते लाइक.

मांडूळ ठेवलं तर धन येतं म्हणतात.

येतं, विकणाऱ्याला. पुढची सही पोलीस ठाण्यात होते. मांडुळाची शेपटी बोथट असते म्हणून त्याला दोन तोंडं आहेत असं वाटतं. गुप्तधन, औषध, परदेशात करोडोची मागणी, या सगळ्या थापांवर एका गरीब बिळातल्या जिवाची राज्यभर तस्करी चालते. कुणी वजनाच्या भावात मांडूळ विकायला आलं तर १९२६ ला कळवा.

भाची अमेरिकेत कॉर्न स्नेक पाळते. तिला चालतं, मला का नाही?

कारण तिचा साप रानातून आलेला नाही. तिकडे कॉर्न स्नेक आणि आफ्रिकेतला बॉल पायथन हे पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात पैदास केलेले मिळतात. मेलेल्या, गोठवलेल्या उंदराची सवय त्यांना दुकानातच लागलेली असते. काचेच्या पेटीत एका बाजूला ऊब, एका बाजूला गारवा, लपायला दोन जागा, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर शहरात मिळतो. तरी प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. आणि परसात सापडलेलं रानटी पिल्लू उचलून पाळू नका, हे तिथले जाणते पाळणारेही नवख्याला सांगतात. कारण तेच, ते खात नाही आणि मरतं.

भारतात परदेशी साप ठेवायचा तर बाहेरून आणायला आयात-परवाना लागतो. बॉल पायथनसारखी जी जात आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात येते, ती आपल्या कायद्याच्या चौथ्या सूचीत आहे आणि तिची नोंदणी २०२४ च्या नियमांप्रमाणे 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर करावी लागते. कागद नसलेला साप कुणी 'होम डिलिव्हरी'नं देत असेल तर तो तस्करीचा समजा. आणि कागद असले तरी विचारा स्वतःला, हा जीव पंधरा-वीस वर्षं जगतो. मुलगा दहावीला आहे. पुढं उंदीर कोण आणणार?

पिल्लू नाही, अंडी सापडलीत.

हलवू नका, फिरवू तर मुळीच नका. सापाचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं नसतं. कवच चामड्यासारखं मऊ, आणि आतला गर्भ एका बाजूला चिकटलेला. अंडं उलटं झालं तर तो गुदमरू शकतो. जेसीबीच्या कामात उघडी पडली असतील तर काम तेवढ्या जागी थांबवा, वर ओली माती किंवा गोणपाट टाका आणि फोन करा. अंड्यांची नासधूस हाही कायद्यानं गुन्हाच. आम्ही वरच्या बाजूला पेन्सिलीनं खूण करून, तशीच उचलून, दमट कोकोपीटमध्ये ठेवतो. नागाची अंडी फुटायला साधारण दोन महिने लागतात. तुमच्या स्वयंपाकघरात 'बघू काय निघतंय' हा प्रयोग नको. निघालं तर फणा काढूनच निघेल.

सर्पमित्र येईपर्यंत काय करायचं?

पिल्लू मोकळं असेल तर पकडायच्या फंदात पडू नका. सात-आठ फुटांवरून एकानं नजर ठेवायची, कारण नजर हटली की ते फटीत गेलंच म्हणून समजा. मग आम्ही तीन तास कपाटं सरकवत बसतो. मुलं, कुत्री, मांजरं दुसऱ्या खोलीत. रॉकेल, फिनेल, मिरचीचा धूर काही नको. भाजलेल्या अंगानं ते आणखी आत घुसतं.

आधीच डब्यात असेल तर झाकण उघडू नका, 'श्वास घेतंय का' बघायलाही नाही. भोकं नसतील आणि तासाभरात कुणी येणार असेल तरी चिंता नको, सापाला हवा फार थोडी लागते. डबा सावलीत, गार फरशीवर ठेवा. खायला नको, पाणी नको, कापूस नको. मरतात ती उन्हानं आणि हलवाहलवीनं.

आम्हीच रानात नेऊन सोडलं तर?

भावना चांगली, काम अर्धवट. तुम्ही गाडीवर घालून वीस-तीस किलोमीटरवरच्या घाटात सोडता, त्याला तिथलं बीळ, पाणी, भक्ष्य, शत्रू काही ठाऊक नसतं. साप सापडला त्याच भागातल्या सोयीच्या जागी सोडायचा असतो. रात्री फिरणारा असेल तर दिवस मावळल्यावर. आणि मुख्य म्हणजे डबा उघडताना हात कुठं ठेवायचा, हे शिकायला आम्हालाही काही वर्षं लागली.

चावलंच तर?

'पिल्लूच होतं' म्हणून घरी थांबायचं नाही. सरळ १०८ ला फोन किंवा मिळेल त्या गाडीनं सरकारी रुग्णालय, जिथं सर्पदंशावरचं प्रतिविष असतं. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, फळी-स्केल लावून ओढणीनं हलकेच बांधा. अंगठी, बांगडी, जोडवी लगेच काढा, सूज आली की निघत नाहीत. आवळून दोरी बांधणं, चिरा देणं, तोंडानं चोखणं, कोंबडी लावणं, देवळात बसवणं, यात जो वेळ जातो त्यानंच माणसं जातात. साप मारून सोबत नेऊ नका. लांबून फोटो मिळाला तर ठीक.

मण्यार चावली तर जागेवर दुखत नाही, सूजही येत नाही. रात्री पान लागतं, म्हणजे साप चावतो, आणि पहाटे पोट दुखायला लागतं, पापण्या जड होतात, घरचे समजतात पित्त झालं. जमिनीवर झोपणाऱ्यानं सकाळी असं सांगितलं तर खूण शोधत बसू नका.

आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकत्र चालतं. लहान मुलालाही ते मोठ्या माणसाइतकंच द्यावं लागतं, कारण सापानं विष सोडताना मुलाचं वजन बघितलेलं नसतं.

पुन्हा घरात येऊ नये म्हणून?

मोरीला बारीक जाळी, दाराखाली रबरी पट्टी, भिंतीला टेकलेली फांदी छाटणं, पाली-उंदीर कमी करणं. कार्बोलिक आम्लाच्या बाटल्या, लसूण, सर्पगंधेचं रोप यांवर पैसे घालवू नका.

मुलाला सापांची खरंच आवड आहे. त्याला काय देऊ?

आवड मोडू नका, फक्त बरणी काढून घ्या. पुण्याजवळ असाल तर कात्रजच्या सर्पोद्यानात न्या. १९८६ पासून तिथं साप जवळून बघायला मिळतात, आणि एका पेटीसमोर अर्धा तास उभं राहिलं तरी कुणी हटकत नाही. एक वही द्या. कुठल्या महिन्यात कुठला साप दिसला, काय करत होता, पाऊस होता का, हे लिहायला लावा. टाकलेली कात सापडली तर भिंगातून खवले मोजायला लावा. डोळ्यावरचं पारदर्शक खवलंसुद्धा कातीत जसंच्या तसं उतरतं, ते त्याला स्वतः सापडू दे.

त्या बाटलीवाल्या नातवाला मी घोणस सोडायला बरोबर नेलं होतं, दहा पावलं मागं उभं करून. बाटली आडवी केली, लांब काठीनं झाकण पाडलं. ती दोन मिनिटं बाहेरच आली नाही. मग आली, जीभ काढली, आणि वाळल्या पानांत शिरली. पोरगं म्हणालं, "कुठं गेली? मला दिसतच नाही." तुला कालही अशीच दिसली नसती तर, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यानंच विचारलं, "मग आमच्या अंगणात अजून किती असतील?" मी म्हटलं, संध्याकाळी बॅटरी घेऊन बाहेर पड आणि पाय टाकण्याआधी खाली बघ. आता त्यांच्याकडून वर्षाला तीन-चार फोन येतात, पण बाटली भरलेली नसते. "काका, जांभ्याच्या गडग्यात तस्कर आहे, काही करू नका, नुसतं सांगितलं."